ना शेत, ना गोडं पाणी

समुद्रशैवालापासून इंधन करता येतं, आणि त्याला जमीन लागत नाही की गोडं पाणीही लागत नाही. उसाच्या इथेनॉलवर भिस्त ठेवणाऱ्या, पण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

झाडाला ताठ ठेवणारं लिग्निन शैवालात जवळपास नसतं. त्याला समुद्रच उभं धरतो. म्हणून ते लाकडापेक्षा लवकर कुजतं, आणि लवकर कुजणं हा इंधनाच्या दृष्टीने गुणच.

अडचण पाण्याचीच. ओल्या शैवालात 80 ते 90 टक्के पाणी. ते सुकवायला इंधन जाळायचं, तर कमाई सुकवण्यातच संपते. ओलं आहे ते ओलंच आंबवावं.

हे ज्ञान जुनं आहे. पहिल्या महायुद्धात सॅन दिएगोजवळ हर्क्युलीस पावडर कंपनी केल्प हे शैवाल आंबवून ॲसिटोन काढत होती, ब्रिटिशांच्या दारूगोळ्यासाठी. युद्ध संपलं, कारखाना थांबला. 1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने खोल समुद्रात केल्पची शेती करून पाहिली. लाटांनी ती मोडली. पुढे तेल स्वस्त झालं आणि पैसाही आटला. टंचाईत सुरू झालेलं संशोधन स्वस्ताईत बंद पडतं, पुढच्या टंचाईत पुन्हा पहिल्यापासून. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

बार्बाडोसला मात्र थांबायची सोयच नाही. 2011 पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर सरगॅसम या शैवालाचे ढीग येऊन पडतात. कुजताना हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि आर्सेनिकमुळे ते जनावरांना घालणं धोक्याचं. तिथल्या वेस्ट इंडीज विद्यापीठात लेजेना हेन्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रमच्या डिस्टिलरीच्या सांडपाण्यात आणि मेंढ्यांच्या लेंड्यांत मिसळलं, बायोगॅस केला, त्यावर मोटार चालवली. बेटावर गोड्या पाण्याची चणचण, म्हणून सांडपाणी. ज्याला कुणी हात लावत नव्हतं, अशा दोन गोष्टी एकमेकींच्या कामी आल्या.

लावलेल्या शैवालाचा न्याय वेगळा. ते नुसतं जाळण्यासाठी लावणं परवडणारं नाही. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने कप्पाफायकस या शैवालाचा रस पिकांवर फवारायला वेगळा काढला आणि उरलेल्या चोथ्यातून इथेनॉल. हा क्रम मला पटतो: आधी शेत, मग इंजिन.

डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशमधून, म्हणजे सांडपाण्यातून, गॅस काढणारे अभियंते महाराष्ट्रातल्या अनेक साखर कारखान्यांत सापडतील. त्यांनी या कामात तेल स्वस्त असतानाच हात घालावा.