शत्रूच्या बुडालेल्या माणसांचे स्मरण

पाण्यात गेलेल्या मनुष्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे आपल्या रायगडच्या किनाऱ्यास सांगावे लागत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. ज्या घरांस निदान प्रेत तरी मिळाले, ती घरे त्यातल्या त्यात भाग्यवान म्हणावयाची. माणगाव काही समुद्रावर नाही; तथापि म्हसळ्यापलीकडे श्रीवर्धन-दिघीकडे सोयरीक असलेली घरे येथे पुष्कळ आहेत. यास्तव पुढील प्रश्न येथील वाचकांपुढे मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. जो मनुष्य आपणांस बुडविण्यास आला आणि स्वतःच बुडाला, त्याचे स्मरण आपण करावे काय?

हा प्रश्न उगीच काढलेला नाही. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानची 'गाझी' नावाची पाणबुडी १४ नोव्हेंबर रोजी कराचीहून निघाली आणि सगळ्या हिंदुस्थानास वळसा घालून विशाखापट्टणपर्यंत आली. आपले 'विक्रांत' हे विमानवाहू जहाज बुडवावे, हा तिचा हेतू. परंतु 'विक्रांत' अंदमानाकडे आधीच हलविलेले होते, आणि ते येथेच आहे असा भास व्हावा म्हणून 'राजपूत' नावाची जुनी विनाशिका खोटे संदेश धाडीत होती. ३ व ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री 'गाझी' बंदराच्या तोंडाशी फुटली. तिचे कप्तान जफर मुहम्मद खान व नव्वदांहून अधिक माणसे तिच्यात होती. त्यांपैकी एकही वाचला नाही. तिच्यावरील वस्तू तरंगत वर आल्या, त्या कोळ्यांनी उचलून आपल्या अधिकाऱ्यांकडे पोहोंचविल्या.

ती कोठे बुडाली हे तेव्हापासूनच ठाऊक होते. पण २०२४ सालच्या फेब्रुवारीत बातमी आली की, आपल्या नौदलाच्या खोल पाण्यात उतरणाऱ्या यानाने ती तळाशी पडलेली पाहिली. हे यान बनविले आहे ते बुडालेल्या पाणबुडीतील जिवंत माणसे वर काढण्यासाठी. येथे ते ५२ वर्षे उशिरा पोहोंचले. नौदलाने सांगितले की, वीर पुरुषांचे ते विश्रांतिस्थान आहे, म्हणून आम्ही त्यास हात लावीत नाही. त्याच टापूत एक जपानी पाणबुडीही आहे. तिला ११ फेब्रुवारी १९४४ रोजी 'जमना' या हिंदी युद्धनौकेने दोन ऑस्ट्रेलियन नौकांसह बुडविले होते. ज्या नाविक दलाची ही 'जमना', त्यात आपल्या कोकणचे, विशेषेंकरून रत्नागिरीचे, खलाशी फार पूर्वीपासून भरती होत आले.

'गाझी'विषयी एक गोष्ट जाता जाता सांगतो. ती १९४४ साली अमेरिकेत बांधली गेली, तेव्हा तिचे नाव 'डायब्लो' होते. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ सैतान. पुढे पाकिस्तानकडे गेल्यावर ती 'गाझी', म्हणजे धर्मयोद्धा, झाली. लोखंड तेच, नावे मात्र दोन टोकांची!

आता कोणी म्हणेल, शत्रूस मान देणे म्हणजे आपल्या मृतांचा अपमान नव्हे काय? या आक्षेपास आम्ही हलका मानीत नाही. 'गाझी' बुडाली त्यानंतर आठवडाही लोटला नाही तोच, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने आपली 'खुकरी' बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांस जहाज सोडण्याची आज्ञा केली व स्वतः जहाजावरच राहिले. त्यांतील एखाद्याच्या विधवेस आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे की, बाई, त्या लोकांसाठीही दोन शब्द बोल? तिला तसे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. क्षमा ज्याची त्यानेच करावयाची असते. दुसऱ्याच्या वतीने केलेली क्षमा फुकटची.

परंतु आपण, ज्यांचे त्या रात्री काहीच गेले नाही, त्यांची गोष्ट निराळी. 'हंगोर' आज कराचीच्या संग्रहालयात उभी आहे आणि मुलेबाळे ती पाहावयास जातात. त्या मुलांस आपल्या १९४ माणसांविषयी कोणत्या स्वरात सांगितले जावे, असे आपणांस वाटते? जे उत्तर मनात येईल, तेच 'गाझी'लाही लागू करावे लागेल. येथे पळवाट आम्हांस तरी दिसत नाही.

शिवाय हात न लावणे हा मानाचा सर्वांत सोपा भाग होय. कठीण भाग पुढेच आहे. 'गाझी' कशाने फुटली याविषयी दोन्ही देशांत वाद आहे. 'राजपूत'ने टाकलेल्या बाँबांनी, असे आपले म्हणणे. तिच्या आतच किंवा तिच्याच सुरुंगाने स्फोट झाला, असे पाकिस्तानचे. शोध करणाऱ्यांनी तो जरूर करावा. पण चावडीवर, बाजारात जो वाद चालतो, त्यात सत्याची तहान थोडी आणि बढाई फार. एकास मारल्याचा मान पाहिजे, दुसऱ्यास तो मान नाकारावयाचा. आणि मधल्या मधे ती नव्वद माणसे दोघांचीही साक्षीदार करून उभी केली जातात. मेलेला मनुष्य कोणाच्याही बाजूची साक्ष देण्यास बांधलेला नाही. त्यांचा हेतू आपल्या नाशाचा होता, हे लपवू नये; त्यांनी काळोखात, दूरच्या पाण्यात, हुकूम पाळीत प्राण सोडला, हेही लपवू नये. दोन्ही गोष्टी एका दमात सांगता येतात.

आपल्याकडे हे नवीन नाही. माणगावाहून महाड-पोलादपूर करून आंबेनळी घाट चढून जा. प्रतापगडाखाली अफजलखानाची कबर आहे. तो कशासाठी आला होता हे मराठी मुलास पाळण्यापासून ठाऊक असते, आणि तरीही मेलेल्या शत्रूस माती मिळाली. वैर मरणाबरोबर संपते, असे म्हणणारे पुष्कळ. तेथे ते करून दाखविले गेले.

४ डिसेंबर हा आपला नौदल दिन. १९७१ साली त्या रात्री आपल्या नौकांनी कराचीवर केलेल्या हल्ल्याच्या स्मरणार्थ तो पाळतात. २०२३ साली तो मालवणास, सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर, मोठ्या थाटाने झाला. शाळांतून त्या दिवशी विजयाची हकीकत सांगतात, ती सांगावीच. मात्र 'गाझी' बुडाली तीही हीच तारीख. तेव्हा पाकिस्तानात नव्वद घरी तो दिवस पुण्यतिथीचा असतो, एवढे एक वाक्य मास्तरांनी त्याच हकीकतीत जोडावे, इतकीच आमची सूचना आहे.