मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा



विहारात मुलांना पंचशीलाचा अर्थ सांगू लागलो की पहिल्याच शीलापाशी एखादे मूल अडते. ‘गुरुजी, बिबट्या अंगावर आला तर?’ मुलाचा प्रश्न सरळ असतो. उत्तर देताना मोठी माणसे मात्र दोन टोकांना पळतात. एक म्हणतो, हत्या ती हत्या, तिला अपवाद नाही. दुसरा म्हणतो, माणसापुढे जनावराची काय कथा? या दोघांनीही विचार करण्याचे कष्ट टाळलेले असतात.

हाच प्रश्न अमेरिकेत मतपेटीपर्यंत गेला आहे. तिथे बिबट्याच्या जागी माउंटन लायन आहे. नावात सिंह असला तरी तो सिंह नव्हे. त्याला आयाळ नाही, त्याची डरकाळी नाही. पिंगट रंगाचा, एकटा राहणारा, मुख्यतः हरणांवर जगणारा हा मांजरकुळातील प्राणी. प्यूमा आणि कूगर ही त्याचीच नावे. कॅलिफोर्निया राज्यात १९०७ पासून १९६३ पर्यंत तो मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. पुढे लोकमत पालटले. १९७२ पासून तिथे त्याची हौशी शिकार थांबली आणि १९९० साली मतदारांनी ती बंदी कायम केली. १९९४ साली त्याच राज्यात या प्राण्याच्या हल्ल्यात दोन स्त्रिया मरण पावल्या. त्यानंतर, १९९६ साली, संरक्षण काढून घेण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. तोही लोकांनी फेटाळला.

दुसऱ्या मुलखात मात्र निराळा कौल मिळाला. कोलोरॅडो राज्यात परवाना घेऊन दरवर्षी सुमारे ५०० माउंटन लायन मारले जातात. बहुधा शिकारी कुत्री त्याचा माग काढतात, तो झाडावर चढतो, आणि खाली उभा असलेला शिकारी त्याला गोळी घालतो. ही शिकार बंद करावी असा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या मतदारांपुढे आला. जीव वाचवण्यासाठी किंवा गुरे राखण्यासाठी मारण्याची मुभा त्या प्रस्तावातही होती. तरीही सुमारे ५५ टक्के मतदारांनी त्याविरुद्ध मत दिले.

विरोधकांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. ते म्हणाले, शिकारीमुळे संख्या आटोक्यात राहते. परवान्यांच्या पैशातून वन्यजीव खात्याचा मोठा खर्च चालतो. मारलेल्या प्राण्याचे मांस वाया घालवू नये असा कायदाच आहे. आणि मुख्य म्हणजे, शहरात राहणाऱ्यांनी डोंगरात राहणाऱ्यांवर आपली दया का लादावी?

या वादात आपल्याला बाबासाहेबांचा आधार आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी अहिंसेचा विचार करताना नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करण्याची मोकळीक देते. म्हणून मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या काढल्या. इच्छेपोटी केलेली हत्या धम्माला मान्य नाही. खरोखर गरज असेल तेव्हा काय करावे, हे माणसाने आपल्या विवेकाने ठरवायचे आहे.

ही कसोटी लावून पाहा. वाटाड्याला हजारो डॉलर मोजून, झाडावर अडकलेल्या जनावराला जो गोळी घालतो, तो भुकेला नाही. त्याच्या मुलाबाळांवर कोणी झडप घातलेली नाही. त्याने मांस खाल्ले म्हणून ते त्याच्या पोटासाठी आवश्यक होते असे ठरत नाही. ही इच्छाच आहे. तिने गरजेचा अंगरखा घातला आहे, इतकेच. खात्याला पैसा हवा असेल तर तो कररूपाने मागावा. एका जिवाच्या मरणावर दुसऱ्याचा पगार अवलंबून ठेवला, की मरणाची ‘गरज’ कधीच संपत नाही.

संख्या आटोक्यात राहते, हा मुद्दाही तपासून घेतला पाहिजे. वॉशिंग्टन राज्यातील एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळले की शिकार वाढल्यानंतर पुढच्या वर्षी तक्रारी आणि गुरांवरचे हल्ले कमी न होता वाढले. संशोधकांनी सुचवलेले कारण असे, की एका भागात जम बसवलेला प्रौढ नर मारला की त्याची मोकळी जागा घ्यायला अननुभवी तरुण नर येतात. सगळ्या जाणकारांना हा निष्कर्ष मान्य नाही. पण ‘मारले की प्रश्न मिटला’ हे गणित इतके सोपे नाही, एवढे त्यावरून नक्की कळते. आपल्या जुन्नर भागाने असाच धडा घेतला आहे. उसातून पकडलेले बिबटे तिथल्या जंगलात नेऊन सोडले गेले, आणि २००१ ते २००३ या काळात माणसांवरील हल्ले घटण्याऐवजी वाढले.

इथवर वाचून, प्राण्याची बाजू घेतली की आपले काम संपले, असे कोणाला वाटेल. तसे नाही. कोलोरॅडोच्या डोंगरातील माणसाचा प्रश्न अजून शिल्लक आहे. उत्तर अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षांत माउंटन लायनने मारलेल्या माणसांची संख्या तीसच्या आसपास आहे. संख्या लहान आहे खरी. पण मार्च २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात दोन भाऊ रानात गेले आणि त्यातला एकच परत आला. त्या घराला आकडा सांगून समाधान देता येत नाही.

आपल्याकडे तर हा प्रश्न अधिक कडू आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि शिरूर या तालुक्यांत बिबट्या उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. तो कोणाला गाठतो? दाराला कडी असलेल्या बंगल्यातील माणसाला क्वचितच. गाठतो तो पालात झोपलेल्या ऊसतोड मजुराच्या लेकराला, मेंढपाळाला, शौचाला बाहेर गेलेल्या बाईला, आणि वीज रात्रीच येते म्हणून अंधारात पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याला. अशा माणसाला दूर बसून करुणेचा उपदेश करणे सोपे आहे. पण ज्या करुणेची किंमत नेहमी दुसराच मोजतो, तिला करुणा म्हणता येणार नाही. दुसऱ्याच्या कष्टावर पुण्य कमावण्याची रीत आपल्या देशाला नवी नाही. ती आपण ओळखली पाहिजे.

म्हणून करुणेला प्रज्ञेची जोड हवी. गोठ्याला छप्पर आणि जाळी, घरात शौचालय, मजुराला चार भिंतींचा निवारा, शेताला दिवसा वीज ही सर्व कामे अहिंसेचीच आहेत. आज महाराष्ट्रात अशा हल्ल्यात माणूस दगावला तर वारसाला २५ लाख रुपये मिळतात. ते द्यायलाच हवेत. पण ते मरणानंतरचे आहेत. मरण टाळण्यासाठी आधी केलेला खर्च हीच खरी करुणा. कॅलिफोर्नियात लॉस एंजलिसजवळच्या महामार्गावर प्राण्यांसाठी पूल बांधण्याचे काम २०२२ साली सुरू झाले. तिथे माणसांनी आपल्या सोयीची किंमत स्वतः मोजायला सुरुवात केली आहे.

एवढे करूनही एखादे जनावर पुन्हा पुन्हा माणसावर येत असेल तर? तर ते मारावे लागेल. १९७२ चा आपला वन्यजीव संरक्षण कायदाही बिबट्याची शिकार निषिद्ध ठरवतो, पण माणसाच्या जिवाला धोका झालेल्या विशिष्ट प्राण्याला मारण्याची परवानगी देण्याची सोय ठेवतो. ‘विशिष्ट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गरज एका जनावरापुरती असते. सूड सगळ्या जातीवर निघतो. एकाच्या अपराधासाठी साऱ्या जातीला शिक्षा, हा न्याय किती भयंकर आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

गावातले मूल गेल्यावर गाव पेटून उठते. त्या संतापाला मी दोष देणार नाही. पण हाती सापडेल तो बिबट्या ठेचला, त्याच्याभोवती उभे राहून फोटो काढले, की तिथे गरज संपून इच्छा सुरू झालेली असते. मेलेल्या बिबट्याच्या शेजारी हसणारा गावकरी आणि मेलेल्या माउंटन लायनच्या शेजारी हसणारा शिकारी यांची दुःखे एक नाहीत. पण त्या क्षणी दोघांच्या मनात जे जागे झाले आहे ते एकच आहे.

तेव्हा त्या मुलाला उत्तर काय द्यायचे? असे सांगावे: बाळ, आधी तुझ्या दाराला कडी लागेल अशी व्यवस्था करणे आम्हा मोठ्यांचे काम आहे. ती केल्यावरही बिबट्या अंगावर आलाच, तर जीव वाचव. त्यात तुझे शील भंगत नाही. मात्र तो मेल्यावर तुला आनंद झाला, तर थांब आणि आपल्या मनाकडे पाहा. शील तिथे राखायचे असते.