कोरा ठेवलेला रकाना

वऱ्हाडात ‘बाप्पा’ या शब्दाला धरबंध नाही. तुरीचा भाव पडला की ‘काय सांगू बाप्पा’, कुणी हाक मारली की ‘आलो बाप्पा’, आणि मृगाचा पाऊस लांबला की मान वर करून तोच शब्द. माणसाला आणि देवाला एकाच हाकेत बोलवायची ही सवय वाशीमच्या ख्रिस्ती घरांतही आली. पवित्र शास्त्रात देवासाठी छापलेला शब्द बहुतेक ठिकाणी ‘पिता’ आहे. पण रविवारच्या उपासनेत एखादा म्हातारा प्रार्थनेला उभा राहिला, की दर दुसऱ्या वाक्याला ‘हे दयाळू बापा’ म्हणतो. पिता तसबिरीत शोभतो. बाप ओसरीवर असतो, आणि त्याच्या सायकलीचा आवाज आला की घरातली पोरं गप्प होतात.

म्हणजे देवासाठी आम्ही जो शब्द वापरतो, त्याचा पहिला अर्थ मुलाला घरातल्याच एका माणसाकडून कळतो. या माणसाच्या आध्यात्मिक जबाबदारीबद्दल आमच्या व्यासपीठांवरून पुष्कळ बोललं जातं. त्यानं घराचा याजक व्हावं, संध्याकाळची प्रार्थना चालवावी, मुलांना वचन शिकवावं, दशांश आधी बाजूला काढावा. यातलं काहीच खोटं नाही. मला अडतं ते दुसरीकडे. मराठी ख्रिस्ती घराच्या वंशावळीत मागं मागं जाताना कुठंतरी एक माणूस भेटतो, ज्यानं धर्माच्या बाबतीत आपल्या बापाचं ऐकलेलं नसतं. वस्तीच्या वस्ती एकदम ख्रिस्ती झाल्या, तिथं बाप-लेक बरोबरच पाण्यात उतरले असतील; पण त्यांनीही गावगाड्याचं ऐकलं नाहीच. आमचा विश्वास या न ऐकण्यातून आला आहे. मग अशा घराण्यातल्या बापानं मुलाला ‘मी सांगतो म्हणून’ हे कोणत्या तोंडानं म्हणायचं?

बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरच्यांशी झालेली ओढाताण त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात मांडली आहे. पण हा पेच सगळ्यात उघडा दिसतो तो नारायण वामन टिळकांच्या घरात. वडील वामनराव कमालीचे तापट. आई गेल्यावर नारायणानं पोरवयातच घर सोडलं आणि नाशिक गाठलं. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंना आणि लहानग्या मुलाला, दत्तूला, कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर काही वर्षं मायलेकरं एकीकडे आणि टिळक दुसरीकडे. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना त्या वर्षांवर आपण हसतो, कारण त्या हसवतात. पुस्तक मिटलं की मात्र त्या मुलाचा विचार मनातून जात नाही. बाप सत्याच्या शोधात निघाला आहे हे त्या वयाच्या पोराला काय समजणार? त्याला एवढंच समजतं, की बाप घरी नाही.

बाप म्हणून टिळकांना मी फार गुण देणार नाही. पण एक गोष्ट त्यांनी केली नाही, आणि ती मला मोठी वाटते. लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या तेव्हा त्या हिंदू म्हणूनच परतल्या, आपलं सोवळं-ओवळं बरोबर घेऊन. टिळकांनी त्यांना ओढून पाण्यात उतरवलं नाही. जातीची गाठ त्यांची त्यांनीच, आपल्या डोक्यानं सोडवली आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचा धर्म तोच बायकोचा, हे गृहीत धरायच्या काळात एका घरात दोन धर्म नांदले, आणि घरच्या कर्त्या पुरुषानं वाट पाहिली.

याच टिळकांनी ख्रिस्ताला ‘माउली’ म्हटलं. शब्द पंढरीच्या वाटेवरचा. आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात नर्सी आहे, नामदेवांचं गाव. विठ्ठलाला विठाई म्हणणारी बोली आमच्या वेशीवरच आहे. अभ्यासक याला भक्तिपरंपरेचा वारसा म्हणतात, ते योग्यच. मला त्यात आणखी काही दिसतं. वामनरावांच्या मुलाला ‘बाप’ या शब्दावरून देवापर्यंत जाणं सोपं गेलं नसणार. त्यानं आईच्या दारानं आत जायची वाट काढली असावी. हा माझा तर्क आहे. पण बापाच्या धाकात वाढलेल्या ज्या माणसांना मी प्रार्थना करताना पाहिलं आहे, त्यातली बरीच ‘बापा’ म्हणायच्या आधी क्षणभर अडखळतात.

जबाबदारी बापाची म्हणून नेमलेली आणि प्रत्यक्षात निभावलेली आईनं, हे तर पहिल्यापासूनच चाललं आहे. वाशीमला आधी मेथडिस्ट मिशन होतं आणि १९३० च्या दशकात चर्च ऑफ द नाझरीन आलं. दोघांची मुळं जॉन वेस्लीकडे जातात, आणि वेस्लींच्या घरची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १७११-१२ च्या हिवाळ्यात वडील सॅम्युअल धर्मसभेसाठी लंडनला गेले होते. एप्वर्थच्या घरी आई सुझॅनानं रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलांना आणि नोकरांना घेऊन प्रार्थना सुरू केली. शेजारी यायला लागले आणि संख्या दोनशेच्या घरात गेली. तेव्हा मदतनीस पाळकानं तक्रारीचं पत्र धाडलं. सॅम्युअलनी बायकोला हे थांबवायला सुचवलं. तिनं उत्तर दिलं ते असं, की थांबवायचं असेल तर स्पष्ट आज्ञा करा, म्हणजे न्यायाच्या दिवशी याचा जाब तुमच्याकडे राहील. आज्ञा आली नाही. लहानगा जॉन त्या स्वयंपाकघरात बसलेला असणारच.

वाशीमच्या मिशन दवाखान्याचं, म्हणजे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलचं, नाव काढलं की जुनी माणसं आजही डॉ. ऑर्फा स्पायकरांविषयी बोलू लागतात. आमच्या गावात विश्वासाला चेहरा मिळाला तो शस्त्रक्रिया करणाऱ्या एका बाईचा. पौलाच्या पत्रातला तरुण तीमथ्यही असाच: विश्वास आजी लोईसकडून आणि आई युनीकेकडून आलेला, बाप ग्रीक होता यापलीकडे त्याच्याविषयी ओळ नाही. आमच्या मंडळीतही रविवारी बाकं मोजा. बायका आणि पोरं पुढे, बाप मागच्या बाकावर नाही तर फाटकाशी गाडी लावत उभा. आणि व्यासपीठावरून उपदेश मात्र ‘कुटुंबप्रमुखा’ला.

त्या उपदेशात इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय हमखास येतो. पहिली तीन वचनं, मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं ही, सविस्तर सांगितली जातात. चौथं वचन बापासाठी आहे आणि त्याची सुरुवातच मनाईनं होते: मुलांना चीड आणू नका. कलस्सैकरांस पत्रात तर कारणही दिलं आहे, पोरं खचून जातील. हे ज्या काळात लिहिलं गेलं तेव्हा रोमी कायद्यानं घरातल्या मुलाच्या जिवावरसुद्धा बापाचा अधिकार मानला होता. त्या अधिकाराला पौल इथं वेसण घालतो. आमच्याकडे ती वेसण बापाच्या हातून निघून मुलाच्या नाकात कशी गेली, हे मला आजवर समजलेलं नाही.

चीड आणणाऱ्या बापाच्या उलट बाजूला जुन्या करारातला एली आहे. हा म्हातारा देवळाचा याजक होता. हफनी आणि फिनहास हे त्याचे मुलगे लोकांच्या अर्पणावर हात मारत होते, आणि बाप पुटपुटण्यापलीकडे काही करत नव्हता. दोष त्याच्या माथी आला तो मुलांना न आवरल्याचा. मंडळीच्या कामात बुडालेल्या बापांनी ही गोष्ट वरचेवर वाचावी. सभा, समित्या आणि सुवार्तेचे दौरे यांत ज्यांची संध्याकाळ जाते, अशा घरांत मी एलीचे मुलगे पाहिले आहेत.

पण प्रश्नाची खरी धग मला प्रार्थनेच्या वेळेपेक्षा शाळेच्या कचेरीत जास्त जाणवते. दाखल्याच्या अर्जावर ‘धर्म’ आणि ‘जात’ असे दोन रकाने असतात, आणि पेन बापाच्या हातात असतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. अस्पृश्यतेतून आलेल्या घरातल्या बापानं ‘ख्रिस्ती’ लिहिलं तर मुलाची शिष्यवृत्ती जाते, नोकरीतली जागा जाते. गावानं पाळलेला विटाळ मात्र राहतो. ‘हिंदू’ लिहिलं तर दर रविवारी पोराला कळतं, की बाप एक लिहितो आणि एक गातो. नीती आयोगानं २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलेल्या वाशीमसारख्या ठिकाणी एक सरकारी नोकरी म्हणजे अख्ख्या कुटुंबाचं पुढचं आयुष्य. त्या बापाला खोटा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्याच्या मुलाला फी माफ व्हायची गरज नव्हती, अशा माणसानं तर तोंड उघडूच नये. पण त्या रकान्याचा विषय घरात निघत नाही याचं वाईट वाटतं. मुलाला बसवून ‘मी हे लिहिलं, यासाठी लिहिलं, आणि मला ते डाचतं’ एवढं सांगणारा बाप मला दहा पाठ शिकवणाऱ्या बापापेक्षा जवळचा वाटतो.

येशूनं सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट आमच्या भागात समजावून सांगावी लागत नाही. बाप जिवंत असताना वाटणी मागणं म्हणजे काय, हे तलाठ्याकडे फेरफाराला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या गोष्टीतल्या बापाचं मला नवल वाटतं ते त्यानं परतलेल्या मुलाला गळ्याशी धरलं याचं नाही. तेवढं कुठलाही बाप करेल. नवल याचं, की मुलगा वाटणी मागतो तेव्हा तो वाद घालत नाही. पंच बसवत नाही, आईला मध्ये घालत नाही, वेशीवर आडवा पडत नाही. वाटणी करून देतो आणि पोराला जाऊ देतो. मुलाला दूर जाऊ देणं हेही बापाचं काम आहे, हे मी एकाही प्रवचनात ऐकलेलं नाही.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. रागीट. एकदा संडे स्कूल बुडवून मी मित्रांबरोबर पद्मतीर्थावर गेलो आणि घरी थाप मारली. त्यांनी मला वेताच्या छडीनं झोडपलं. रात्री कंदिलाशी प्रार्थनेला बसल्यावर त्यांनी आधी देवाला सांगितलं, की आज मी पोराला शिकवायला नाही, माझा राग काढायला मारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तुलाही सांगतो.’ पुढचा शास्त्रपाठ कोणता होता ते आठवत नाही. आई पदरानं डोळे पुसत होती आणि धाकटा भाऊ वडिलांकडे टक लावून बघत होता, ते आठवतं.

आमच्या घरच्या शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर त्यांनी हजेरीपटासारख्या रेघा मारल्या होत्या: नाव, जन्म, समर्पण, बाप्तिस्मा. पहिले तीन रकाने त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात भरले. चौथा मोकळा ठेवला. पाहुणे विचारत, ‘मास्तर, पोरं मोठी झाली, अजून नाही?’ ते म्हणत, ‘तो रकाना माझा नाही.’ मी तेवीस वर्षांचा असताना बाप्तिस्मा घेतला. घरी आल्यावर त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं आणि तारीख मला लिहायला लावली. माझं अक्षर त्यांच्या शेजारी अगदीच गबाळं दिसतं.

भाऊ पुण्याला असतो. मंडळीत जात नाही, प्रार्थनेला बसत नाही, आणि त्यावरून वडिलांनी अखेरपर्यंत त्याला एका शब्दानं डिवचलं नाही. रोज पहाटे त्याचं नाव घेऊन ते काय बोलत, ते बाहेरच्या खोलीत ऐकू येत नसे. आता दर वर्षी त्यांच्या स्मरणदिनाला तो वाशीमला येतो, मुक्काम करतो. सगळे निजले की कपाटातून ते शास्त्र काढून पहिलं पान उघडतो. आपल्या नावापुढचा रकाना मी किंवा दुसऱ्या कुणी भरलेला नाही ना, एवढं बघतो, आणि पुस्तक होतं तसं ठेवून देतो.