वाट कोणी द्यावी?



आपल्या औंधपासून समुद्र पार घाटापलीकडे. तरीही आज मी तुम्हाला समुद्रावरची एक गोष्ट सांगणार आहे. तेथे ना रस्ता, ना बांध. मग दोन जहाजे एकमेकांच्या वाटेत आली, तर बाजूला कोणी व्हायचे?

त्यासाठी १९७२ साली ठरलेले व १९७७ पासून लागू असलेले आंतरराष्ट्रीय नियम आहेत. खुल्या समुद्रात इंजिनाच्या जहाजाने शिडाच्या होडीला वाट द्यायची. शिडाच्या होडीने जाळे टाकलेल्या मासेमारी बोटीला द्यायची. आणि सुकाणू किंवा इंजिन बिघडून जे जहाज काबूत राहिलेले नाही, त्याला या सगळ्यांनी सांभाळून घ्यायचे. असे जहाज रात्री एकावर एक दोन तांबडे दिवे लावते. म्हणजे, ‘मला वळता येत नाही.’

येथे मोठा कोण, श्रीमंत कोण, असे कोणी विचारत नाही. वळणे कोणाला शक्य आहे, एवढेच पाहतात. मात्र जाळे वर घेऊन बंदराकडे निघालेल्या बोटीला ही सवलत नाही. अरुंद खाडीमार्गात तर मासेमारी बोटीनेच मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही, कारण तेथे मोठ्यालाच वळायला जागा नसते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही हक्क आणि कर्तव्य यांवर तासन्‌तास वाद घातले. या नियमांत मात्र दोन्ही जहाजांना कर्तव्येच दिली आहेत. एकाने वेळीच वळायचे, दुसऱ्याने आपली दिशा व वेग कायम ठेवायचा, म्हणजे पहिल्याला अंदाज येतो. आणि पहिला वळलाच नाही, टक्कर अटळ दिसू लागली, तर दुसऱ्यानेही हालचाल केलीच पाहिजे. ‘चूक त्याची होती’ म्हणून आदळून घेण्याची मुभा कोणालाच नाही.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ ही दोन मालवाहू जहाजे आदळली. ‘चित्रा’ कलंडले, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल किनाऱ्यापर्यंत पसरले. टक्कर दोघांची, पण झळ कोळी बांधवांना बसली. घरातल्या भांडणात मुलांचे असेच होते.

याकोब व योहान हेही मासेमारी करणारेच. त्यांनी प्रभू येशूकडे उजवीडावीकडची आसने मागितली. बाकीचे दहा जण संतापले. तेव्हा प्रभूने सांगितले, की ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सेवक व्हावे (मार्क १०). तो स्वतः देव असूनही आपल्यासाठी रिता झाला. ज्याला सर्व काही शक्य होते, तोच वळला.

आपल्या औंधनेही हे पाहिले आहे. १९३९ साली राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या हातातली सत्ता गावोगावच्या पंचायतींकडे सोपवली. ते राजे होते, म्हणून त्यांना देणे शक्य होते.

आता घरचे बोलतो. आपल्या धर्मग्रामातील दोन घरे शेतातल्या वहिवाटीवरून एकमेकांशी बोलत नाहीत. दोघे मिस्साला येतात. पण शांतीचे अभिवादन करताना एक डावीकडे पाहतो, दुसरा उजवीकडे. सातबारा काय सांगतो ते तहसीलदार पाहतील. मी एवढेच विचारतो : तुमच्यापैकी कोणाला वळणे शक्य आहे? एकाकडे दुसरी वाट आहे, ट्रॅक्टर आहे. दुसऱ्याकडे डोक्यावरचा भारा आहे. ज्याला वाट मिळेल, त्यानेही ताठ न होता सरळ जावे. जाळे नसताना जाळ्याचे निमित्त सांगू नये.

पुढच्या रविवारी वेदीसमोर येण्यापूर्वी, हात आधी कोणी पुढे करायचा हे ठरवून या. ज्याला शक्य आहे, त्याने.

प्रभू येशू, दुसऱ्याचे तांबडे दिवे ओळखण्याची दृष्टी आम्हाला दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू