ओझं खाली ठेवण्याची मुभा

१० एप्रिल १९२७. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात पंचवीस वर्षांचा अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स मित्रमंडळींबरोबर बर्फातून चढत होता. पाठीवर सुमारे अठरा किलोंचं ओझं : मोठा व्ह्यू कॅमेरा, भिंगं, फिल्टर, तिपाई आणि काचेच्या बारा प्लेट. हाफ डोमच्या कड्यासमोर तो पोहोचला तेव्हा त्यातल्या दोनच उरल्या होत्या. एक पिवळा फिल्टर लावून घेतली आणि लगेच त्याच्या लक्षात आलं, मनात उमटलेला कडा हा नव्हे. मागचं आकाश काळंभोर हवं. मग लाल फिल्टर लावला आणि शेवटची प्लेट वापरली. तेच त्याचं गाजलेलं ‘मोनोलिथ’.

अशा गोष्टींतून आपण चटकन तात्पर्य काढतो : ओझ्यानं शिस्त लागते. प्रत्येक प्लेट वाहून आणावी लागली की माणूस आधी पाहतो, मग टिपतो. हे पटण्यासारखं आहे. पण आपण आणखी एक पायरी चढतो आणि म्हणतो, घाम गाळला म्हणून ते चित्र अधिक खरं. इथं मी अडखळतो.

कारण सॅम्युअल बोर्न. १८६३ साली हा इंग्रज छायाचित्रकार सिमल्याहून हिमालयात निघाला तो तीसेक हमाल घेऊन. तेव्हा काचेवर रसायन पसरून ती ओली असतानाच फोटो घ्यावा आणि धुवावा लागे. त्यामुळे काळोखा तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या, सगळं बरोबर हवं. १८६६ साली त्यानं मनिरंग खिंडीत, अठरा हजार फुटांहून अधिक उंचीवर छायाचित्रं घेतली. एकेक प्लेट त्यालाही मोलाचीच होती. शिस्त तीच, चित्रंही देखणी. फक्त ओझं दुसऱ्यांच्या पाठीवर होतं. पळून गेलेल्या हमालांना आपण काठीनं मारलं, हे त्यानं आपल्या प्रवासवर्णनात बिनदिक्कत लिहून ठेवलं आहे. त्या काळी तिथल्या डोंगरी संस्थानांत बेगारीची पद्धत होती, हेही विसरायला नको.

मग स्वतःच्या पाठीवर वाहिलेलं तेवढंच नैतिक? हे उत्तर फार सोपं आहे. गुडघे दुखणाऱ्यानं डोंगराचे फोटो काढूच नयेत का? आणि ओझी वाहून ज्याचं घर चालतं, त्याला मी तत्त्वासाठी काम नाकारलं, तर माझी शुद्धता त्याच्या पोटावर उभी राहते.

मला वाटतं, प्रश्न खांदा कुणाचा हा नाहीच. अ‍ॅडम्सला कुठल्याही वळणावर पिशवी उतरवून घरी जाता आलं असतं. बोर्नच्या हमालानं ओझं टाकलं की काठी पडे. कष्टाला मोल येतं ते वजनामुळे नव्हे, ते वजन खाली ठेवण्याची मुभा असल्यामुळे.

म्हणून हमाल ठरवताना नुसती मजुरी चोख दिली की झालं, असं नाही. खिंडीच्या अलीकडे आभाळ भरून आलं आणि तो म्हणाला, ‘साहेब, इथून पुढे नको,’ तर तिथवरची मजुरी कुरकुर न करता हातावर ठेवून मी त्याच्याबरोबर परत फिरेन का? न वापरलेल्या प्लेट तशाच घेऊन?

फिरायला हवं. मग ते चित्र कधीच होणार नाही, हे मान्य करून.