शिवेवरचा वाघ

आश्विन वद्य द्वादशीला आपण गाय-वासराला ओवाळतो. त्याच दिवशी अकोले तालुक्याच्या डोंगरांत महादेव कोळी वाघबारस करतात. गुराखी पोरांपैकी कुणी वाघ होतो, कुणी कोल्हा, कुणी अस्वल. बाकीचे त्यांना दरडावून विचारतात, पुन्हा आमच्या शिवारात येशील का? सोंगं ‘नाही, नाही’ म्हणत पळत सुटतात आणि सगळा गाव त्यांच्या मागे. गाय आणि गाय खाणारा, दोघांचा मान एकाच तिथीला ठेवणारी ही रीत मला फार शहाणी वाटते.

सध्या कलादालनांत ‘निसर्गाशी एकरूप’ होण्याची लाट आहे. वाळक्या फांद्यांची शिल्पं आणि त्यांच्यामधून पंखांसारखे हात हलवत जाणारे नर्तक. त्या भाबडेपणाचा मला कंटाळा येतो. त्यापेक्षा जोसेफ बॉइस परवडला. हा जर्मन कलावंत १९७४ साली न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत तीन दिवस कोयोटी या लांडग्याच्या कुळातल्या प्राण्यासोबत राहिला. अंगावर जाड फेल्टची घोंगडी, हातात काठी. कोयोटी घोंगडीचे लचके तोडत होता, म्हणजे सलगीचं नाटक तरी नव्हतं. पण त्याला तिथून निघून जायची सोय नव्हती आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

वारली आदिवासींच्या वाघदेवाला, वाघोबाला, ती सोय आहे. पालघरच्या पाड्यांत शिवेवर, एखाद्या झाडाखाली लाकडाची नाहीतर दगडाची फळी उभी असते. तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, कुठे नाग आणि सगळ्यावर शेंदूर. पावसाने लाकूड कुजतं, वाळवी लागते. संग्रहालयवाल्यांचा जीव कासावीस व्हावा असा प्रकार! पण हे शिल्प घरात किंवा अंगणात येत नाही, यातच त्याचा सगळा अर्थ आहे. कोंबडं घे, मान घे आणि तिकडेच राहा.

वारल्यांचंच वाद्य तारपा, तो तर हाताळून पाहावा असा. वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मधमाश्यांचं मेण. वाजवणारा गाल फुगवून श्वास असा फिरवतो की सूर तुटत नाही. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती सापासारखे वळत जातात. सूर बदलला की पुढचा गडी दिशा बदलतो, त्याच्यामागे अख्खी रांग. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा दंडक. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतली ती नागमोडी रांग आपण कपांवर आणि पिशव्यांवर छापून गुळगुळीत करून टाकली. मूळ नाचात कुणी पक्ष्याची किंवा हरणाची नक्कल करत नाही. भोपळा, बांबू, ताड आणि मधमाशी यांच्याकडून निघालेला आवाज माणसांना कुठे वळायचं ते सांगतो, एवढंच. मला हे नातं नकलेपेक्षा कितीतरी खरं वाटतं.

अर्थात वाघोबाला पूजलं म्हणून बिबट्या शेळी नेत नाही असं कुणी मानत नाही. नेली तर आधी आपल्याकडून काही राहिलं का, हे पाहतात; वनखात्याकडे भरपाईही मागतात. दोन्ही दारं ठोठावायला हरकत कसली? उलट ‘बिबट्या उचला आणि लांब सोडा’ हा सरकारी उपाय जुन्नर भागात अंगाशी आला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, की पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले.

पण म्हणून वाघोबा जुन्नरला नेऊन बसवा, असं मी म्हणणार नाही. तिथे बिबट्याची मादी उसातच पिल्लं घालते. ती पिल्लं जंगल न पाहताच वाढतात आणि तोडणीला आलेल्या मजुरांची खोपटी त्याच फडाला लागून असतात. रान आणि शेत वेगळं असेल तर शिवेवर फळी उभी करता येते. बारमाही पाण्यावरच्या उसाने ती शीवच पुसली आहे. पिंजरा मागणाऱ्या तिथल्या माणसाला तारप्याचं कौतुक ऐकवण्यात काही अर्थ नाही. त्याला आधी उजेड, कुंपण आणि दारात संडास द्यावा लागेल.