पाऊस कुणाच्या खात्यावर?

विमान रद्द झाल्याचा मेसेज कधी नीट वाचलाय? 'खराब हवामानामुळे', 'नैसर्गिक कारणांमुळे', 'आमच्या नियंत्रणाबाहेरच्या परिस्थितीमुळे'. वाक्य बहुतेक वेळा खरंच असतं. धुकं वैमानिकाने पाडलेलं नसतं आणि ढग कंपनीने मागवलेले नसतात. पण या खऱ्या वाक्याच्या पाठोपाठ दुसरं एक वाक्य हळूच आपल्या गळी उतरवलं जातं: यात आमची चूक नाही, म्हणून आम्ही तुमचं काही देणं लागत नाही. 'चूक नाही' याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद त्या 'म्हणून'शी आहे.

मी औंढ्यात राहतो. लोणावळ्याला लागून असलेलं हे मावळातलं गाव, जवळूनच एक्सप्रेसवे जातो. आमच्याकडे पावसाचं दुहेरी आहे. मुंबई-पुण्याची माणसं पाऊस बघायला येतात, आणि त्याच पावसाने घाटात दरड आली की यायची थांबतात. आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत, त्या शनिवार-रविवार पाहुण्यांना देतो. त्यामुळे परताव्याच्या प्रश्नाकडे मला दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. गेल्या पावसाळ्यात पुण्याहून दिल्लीला जाणारं माझं विमान हवामानामुळे रद्द झालं आणि कंपनीने पैशांऐवजी वर्षभरात वापरायचं क्रेडिट पुढे केलं. त्यानंतर तीनच आठवड्यांनी घाटमाथ्याला रेड अलर्ट लागला आणि येणाऱ्या पाहुण्यांचा बाबांना फोन आला, "काका, अ‍ॅडव्हान्स परत मिळेल का?" बाबा फोन ठेवून म्हणाले, "पावसाला काय आपण बोलावलं होतं?" विमान कंपनीच्या मेसेजमध्ये हेच वाक्य सुटाबुटात होतं.

गोंधळ होतो तो तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्यामुळे. एक परतावा: मी दिलेले पैसे मला परत. दुसरी भरपाई: माझी मुलाखत हुकली, लग्न चुकलं, मनस्ताप झाला, त्याचे वरचे पैसे. तिसरी सोय: मी विमानतळावर अडकलो असेन तर जेवण, पाणी, रात्रीचा निवारा. यातली भरपाई साधारणपणे दोषाशी बांधलेली असते, म्हणून निसर्गाचं कारण आलं की ती गळते. परताव्याचा मात्र दोषाशी संबंधच नाही. सेवा दिली नाही तर तिचे घेतलेले पैसे ठेवायचे कोणत्या हक्काने, एवढाच तो प्रश्न आहे.

हे मी शोधून काढलेलं नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ६५ मध्ये ते एका सोप्या उदाहरणाने सांगितलंय. एका गायकाने मैफलीसाठी एक हजार रुपये आगाऊ घेतले. तो आजारी पडला, गाऊ शकला नाही. मैफल झाली असती तर आयोजकाला जो नफा झाला असता, तो गायकाने भरून द्यायचा नाही. पण आगाऊ घेतलेले हजार रुपये परत करायचे. आजारी पडणं हा गायकाचा गुन्हा नाही, आणि तरीही हजार रुपये त्याचे नाहीत. दीडशे वर्षांपूर्वीच्या या चार ओळी हवामानाच्या मेसेजला पुरेसं उत्तर देतात.

विमानांसाठीचे नियमही याच रेषेवर उभे आहेत. आपल्याकडच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार कंपनीने वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर काही अटींवर दहा हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. कारण हवामान किंवा तसंच आवाक्याबाहेरचं असेल तर भरपाई नाही. पण दुसरं विमान किंवा तिकिटाचे पैसे, ही निवड प्रवाशाकडे राहते. आणि परताव्याचे पैसे क्रेडिट म्हणून ठेवायचे की नाही, हे ठरवणं प्रवाशाच्या मर्जीवर आहे, कंपनीने परस्पर तसं करायचं नाही, असंही नियमात स्पष्ट लिहिलंय. माझे पैसे मला हा नियम दाखवल्यावरच मिळाले, तेही चौथ्या फोनला. नियम असतो, पण तो माहीत असणाऱ्यालाच मिळतो, ही त्यातली वेगळी रड.

सोयीचं काय, याचा कस एका ज्वालामुखीने लावला. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडमधल्या एयाफ्यालायोकुलच्या राखेने युरोपातली विमानं कित्येक दिवस जमिनीवर बसवली. पोर्तुगालमधल्या फारोहून डब्लिनला निघालेली एक प्रवासी आठवडाभर अडकली. जेवणा-राहण्याचा खर्च अकराशे युरोंच्या वर गेला, तो तिने रायनएअरकडे मागितला. कंपनीचं म्हणणं होतं की हे नेहमीचं संकट नव्हे, हे फारच असाधारण संकट आहे. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये सांगितलं की कायद्यात 'असाधारण'च्या वर 'अति-असाधारण' अशी पायरी नाही. भरपाई माफ असेल, पण अडकलेल्या माणसाची काळजी घेण्याचं कर्तव्य माफ होत नाही. मला हा विचार पटतो. संकट जेवढं मोठं, तेवढा माणूस जास्त वेळ अडकतो आणि तेवढीच त्याला जेवणाची जास्त गरज असते. नेमक्या तेव्हाच हात वर करायचे असतील तर ते कर्तव्य नुसतं कागदावर उरतं.

आपल्या घाटातली रेल्वे यात जास्त सरळ वाटते. २०१९ च्या पावसाळ्यात आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कर्जत-लोणावळा घाटात दरडी कोसळल्या, गाड्या रद्द झाल्या. रेल्वे गाडी रद्द करते तेव्हा तिकिटाचे पैसे परत करते, ई-तिकिटाचे तर आपोआप खात्यात येतात. दरड होती की इंजिन बिघडलं, याची चौकशी परताव्याआधी होत नाही.

इथवर मी प्रवाशाच्या बाजूने बोललो. आता आमच्या दोन खोल्यांकडे येतो, कारण खरी पंचाईत तिथे आहे.

विमान उडालंच नाही, तेव्हा सेवा दिली गेली नाही हे उघड आहे. आमच्या खोल्या मात्र तयार होत्या. चादरी धुतलेल्या, कोंबडी सांगून ठेवलेली, इंद्रायणी तांदूळ निवडलेला. पाहुणेच येऊ शकले नाहीत. मग सेवा दिली नाही असं म्हणायचं, की घेतली नाही असं?

इंग्लंडमध्ये जवळपास असंच प्रकरण झालंय. जून १९०२ मध्ये सातव्या एडवर्डची राज्याभिषेकाची मिरवणूक बघण्यासाठी एकाने लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावरच्या खोल्या दोन दिवसांसाठी ७५ पौंडांना ठरवल्या, २५ पौंड आगाऊ दिले. राजा आजारी पडला, मिरवणूक पुढे ढकलली गेली. खोल्या जागच्या जागी होत्या, खिडकीही होती, पण खिडकीतून बघायचं ते नव्हतं. न्यायालय म्हणालं की उरलेले ५० पौंड द्यायला नकोत. पण आगाऊ दिलेल्या पैशांबद्दल तिथल्या न्यायालयाने १९०४ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात ठरवलं की जे गेले ते गेले, तोटा जिथे पडला तिथे पडू द्यावा. हा नियम १९४२ पर्यंत टिकला. तो मोडला गेला आणि १९४३ च्या कायद्याने मधला रस्ता काढला: आगाऊ पैसे परत करा, मात्र घेणाऱ्याने त्या कामासाठी खरोखर केलेला खर्च न्यायालय त्याला ठेवू देऊ शकतं.

हे वाचताना मला आजीचे शब्द आठवले. जमीन कसायला देण्याच्या दोन रीती ती सांगायची. खंडाने दिली तर पीक येवो न येवो, मालकाला ठरलेलं द्यायचंच, पाऊस सगळा कुळाच्या डोक्यावर. वाट्याने दिली तर जे पिकेल त्यात दोघांचा हिस्सा, बुडालं तर दोघांचं बुडालं. पाऊस तोच, शेत तेच. तो कुणाच्या खात्यावर पडणार, हे आभाळ ठरवत नाही. ते माणसं आधीच ठरवून ठेवतात. 'नो रिफंड' लिहिलेलं बुकिंग म्हणजे खंडाचा व्यवहार आहे, आणि त्यात कूळ प्रवासी आहे.

'अस्मानी' हा शब्दही मला त्यामुळे वेगळा ऐकू यायला लागला. 'यंदा अस्मानी झाली' असं शेतकरी सरकारदरबारी सांगायचा, ते सारा माफ व्हावा, तगाई मिळावी म्हणून. आजही भात झोपलं की आपण तलाठ्याला पंचनाम्यासाठी बोलावतो. तेहतीस टक्क्यांच्या वर नुकसान दिसलं तर मदतीचा हक्क सांगता येतो. २०१५ पर्यंत ही अट पन्नास टक्क्यांची होती. म्हणजे आपल्याकडे आभाळाचं नाव घेऊन दुबळी बाजू दाद मागायची. विमानाच्या मेसेजमध्ये मात्र तेच नाव घेऊन पैसे घेऊन बसलेली बाजू दार लावून घेते. शब्द तोच, पण तो कुणाच्या तोंडी आहे यावर त्याचा अर्थ फिरतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येक वेळी पैसे परत करायचे तर कंपनी बुडेल आणि उद्या तिकीटच महागेल. कोविडमध्ये हा युक्तिवाद जोरात होता, आणि तो पोकळ नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात काय केलं ते बघण्यासारखं आहे. अडचणीतल्या कंपन्यांना पैसे क्रेडिटच्या रूपात ३१ मार्च २०२१ पर्यंत ठेवायची मुभा दिली, पण त्या रकमेत आधी दरमहा अर्धा टक्का आणि जुलै २०२० पासून पाऊण टक्का भर घालायला सांगितली. मुदत संपल्यावर उरलेले पैसे परत. उशीर चालेल, पण उशिराची किंमत ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने मोजायची. शिवाय कंपनीकडे हजारो प्रवासी असतात, वर्षातले किती दिवस धुक्यात जातात याचा अंदाज असतो, तो भाड्यात बसवता येतो. माझ्याकडे एकच तिकीट असतं. बोजा ज्याला पसरता येतो त्याने तो आधी उचलावा, हे मला न्यायाचं वाटतं. बाबांकडे दोनच खोल्या आहेत. त्यांना कंपनीच्या मापाने मोजणंही बरोबर नाही.

तरीही मी बाबांना पैसे परत द्या म्हणालो, आणि त्याचं कारण कायद्याच्या पुस्तकात नव्हतं. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर प्रशासनाने पर्यटनस्थळांवर निर्बंध आणले. पावसाळ्यात आमच्याकडे अशा बातम्या येतात, आणि प्रत्येक वेळी आपण म्हणतो, लोकांनी यायलाच नको होतं. पण घाटात रेड अलर्ट असताना 'पैसे वाया जातील, चला निघूया' म्हणणारे पाहुणे मी पाहिलेत. 'नो रिफंड'चा अर्थ तेव्हा असा होतो की घरी सुरक्षित बसणाऱ्याला दंड आणि धोक्यात गाडी घालणाऱ्याला सूट.

याच कारणाने विमान कंपनीला हवामानासाठी भरपाई माफ असणंही मला योग्य वाटतं. वादळात विमान न उडवल्याबद्दल दंड बसणार असेल, तर कधीतरी कुणीतरी उडवायचं ठरवेल. वैमानिकाला 'आज नाही' म्हणताना पैशाची भीती नको, तशीच ती घाटाखाली गाडी वळवणाऱ्या कुटुंबालाही नको. भरपाईतून सूट आणि परताव्याची सक्ती या वरवर उलट दिसणाऱ्या गोष्टी एकाच मुळातून येतात: थांबण्याचा शहाणपणा करणाऱ्याला त्याची शिक्षा होऊ नये.

आम्ही त्या पाहुण्यांना बाजाराचा खर्च वजा करून बाकीचे पैसे परत दिले, खर्चाच्या चिठ्ठीचा फोटो पाठवून. आता बुकिंग घेतानाच तीन ओळी पाठवतो. रेड अलर्ट असेल, घाट किंवा रस्ता बंद असेल, प्रशासनाचा आदेश असेल तर पैसे परत, फक्त झालेला खर्च वजा. नुसता जास्त पाऊस वाटला म्हणून यायचं नसेल तर तारीख बदलून देऊ. बाबांना अजून हे पूर्ण पटलेलं नाही. "चांगुलपणा दोन खोल्यांना परवडत नाही" असं ते म्हणतात, आणि जुलैचे चारही शनिवार रिकामे गेले तर त्यांचं म्हणणं खोडायला माझ्याकडे फार काही नसेल.

शिवाय एक हिशोब या तीन ओळींतही बसत नाही. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची त्या शनिवारची मजुरी. पाहुण्यांना परतावा मिळाला, आम्हाला खर्च मिळाला. मावशी कुणाच्याच करारात नव्हत्या. विमान रद्द होतं त्या दिवशी विमानतळाबाहेर भाड्याची वाट बघणारा टॅक्सीवालाही नसतो. मावशींना आम्ही अर्धी मजुरी द्यायची ठरवलं. अर्धीच का, असं आईने विचारलं. त्यावर बाबा काही बोलले नाहीत, मीही नाही.